टोपीखालचा ‘स’

‘वखार लुटली गेली’ असं मी लिहिलं होतं, आणि ते तसंच छापून आलं. दिवाळी अंक हातात पडल्यावर चार दिवसांनी फोन आला. ज्या अभ्यासकांनी मला तो सतराव्या शतकातला फ्रेंच उतारा भाषांतरासाठी दिला होता, त्यांचाच. आवाज नेहमीसारखा शांत. “बाई, वखार लुटली गेली नव्हती हो. लुटली जाईल अशी धास्ती होती, एवढंच तो व्यापारी लिहितोय. माल त्यांनी आधीच हलवला होता.”

मी ते वाक्य पुन्हा काढलं. मूळ शब्दांच्या क्रमाने मराठीत मांडलं तर त्याची घडण अशी होती: ‘या भीतीने, की वखार न फ्यू लुटलेली.’ त्यातला ‘न’ मला अडवत नव्हता. फ्रेंचमध्ये नकाराला ‘न’ आणि ‘पा’ असे दोन तुकडे लागतात, आणि भीतीच्या क्रियापदांनंतर एक असा एकटा ‘न’ येतो ज्यात नकार नसतो, हे मी शिकले होते. चुकले ते पुढच्या शब्दावर. ‘फ्यू’ म्हणजे ‘एत्र’चा, ‘असणे’ या क्रियापदाचा, साधा भूतकाळ समजले: झाली. पण छापील पानावर त्या शब्दातल्या यू या अक्षराच्या डोक्यावर एक बारीकशी टोपी होती, उलट्या व्हीच्या आकाराची. टोपी नसेल तर ‘झाली’. टोपी असेल तर ‘व्हावी’, ‘होईल की काय’, ‘झाली असती’, संदर्भाप्रमाणे यांपैकी काहीही. ‘झाली’ मात्र नाही. उच्चार दोन्हींचा तंतोतंत एकच.

मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतले ऱ्हस्वदीर्घ, रफार, विरामचिन्हं बघण्यात गेली. एका चिन्हाकडे दुर्लक्ष झालं आणि न घडलेली लूट मी इतिहासात घडवली, हे मला फार लागलं. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अंकात आली, चार ओळींची. पण त्या चार ओळींनी माझं भागणार नव्हतं. ते रूप मला नीट शिकायचं होतं.

त्याचं फ्रेंच नाव ‘अँपार्फे द्यु स्युब्जोंक्तिफ’. स्युब्जोंक्तिफ म्हणजे इच्छा, भीती, शंका, अट यांच्या पोटात येणारा क्रियापदाचा अर्थ, आपल्या विध्यर्थाच्या जवळचा. त्याला वर्तमान आहे, तो आजही सगळे बोलतात. त्याचाच अपूर्ण भूतकाळ म्हणजे हे रूप, आणि हे आता जवळपास फक्त पुस्तकांत उरलं आहे. आजचा फ्रेंच माणूस ‘त्याने यावं असं मला वाटत होतं’ हे सांगताना ‘यावं’साठी वर्तमानकाळचं ‘व्हिएन’ वापरतो. जुना लेखक ‘व्हॅं’ लिहायचा, आयवर टोपी घालून.

मी फ्रेंच शिकले ती फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, संध्याकाळच्या वर्गाला. तिथे हे रूप एका तासात येऊन गेलं. त्याला कारण आहे. परीक्षेत ते कोणी विचारत नाही, बोलण्यात लागत नाही. खुद्द फ्रान्समध्ये २६ फेब्रुवारी १९०१ च्या सरकारी आदेशाने विद्यार्थ्यांना सूट मिळाली: मुख्य वाक्यात ‘पाहिजे होतं’, ‘लागेल’ अशा अर्थाचं संकेतार्थी क्रियापद असेल तर पोटवाक्यात अँपार्फेऐवजी वर्तमान लिहिलं तरी ती चूक धरू नये. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच शाळकरी मुलांच्या पाठीवरून हे ओझं थोडं उतरलं होतं. जुनी कागदपत्रं वाचणाऱ्याला मात्र अशी सूट नाही.

तिथे मला शिकवणाऱ्या मॅडमना फोन केला. आता त्या निवृत्त आहेत, पण मंगळवारी दुपारी गेलं तर बसवून घेतात. त्या म्हणाल्या, “अगं, हे रूप तुला बोलायचं नाहीये, ओळखायचं आहे. पण जे हाताने घडवलेलं नसतं ते डोळ्याला ओळखू येत नाही. घडवायला शीक आधी.”

मी सुरुवात चुकीच्या टोकाने केली. क्रियापदांच्या तक्त्यांचं पुस्तक उघडलं आणि एकेका क्रियापदाची सहा-सहा रूपं पाठ करायला बसले. पार्ले म्हणजे बोलणे: पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिये, पार्लास. उच्चारात सहापैकी तीन सारखी, लिहिताना सगळी वेगळी. दोन आठवड्यांत तीस क्रियापदं झाली. तिसऱ्या आठवड्यात पहिली दहा विसरली. ‘प्रांद्र’ म्हणजे घेणे, त्याचं काय, म्हणून कोणी विचारलं तर मला तक्त्याचं पान आठवायचं, रूप नाही.

मंगळवारी मॅडमनी माझी वही बघितली आणि बाजूला ठेवली. “पासे सँप्ल येतो का तुला?” पासे सँप्ल हा फ्रेंचचा कथनाचा भूतकाळ, तोही आता लेखीच. आपल्याकडे ‘तो रोज देवळात जाई, पायरीवर बसे’ हे ‘जाई’, ‘बसे’ जसे कथेत दिसतात आणि फोनवर कोणी बोलत नाही, तसा. मला तो ओळखण्यापुरता यायचा. “मग हे कसं येईल? याचं मूळ तिथे आहे. पासे सँप्लमधलं ‘तू’चं रूप घे आणि त्याला एस-ई लाव. झालं.”

खरंच तेवढंच होतं. ‘तू पार्ला’, तू बोललास, लिहिताना शेवटी न उच्चारलेला एस. त्याला एस-ई जोडला की ‘पार्लास’. आता तो एस ऐकू येतो. ‘तू फिनी’वरून ‘फिनीस’. ‘तू वुल्यू’वरून ‘वुल्यूस’. ‘तू व्हॅं’वरून ‘व्हॅंस’. ‘आम्ही’, ‘तुम्ही’ला पुढे ‘सियों’ आणि ‘सिये’. फक्त तृतीयपुरुषी एकवचन वेगळं चालतं: तिथे एस गळतो, स्वरावर टोपी चढते आणि शेवटी न उच्चारलेला टी येतो. माझी वखार तिथेच लुटली गेली होती.

मग मॅडमनी वहीच्या कोऱ्या पानावर चार चौकटी काढल्या. “सगळ्या फ्रेंच भाषेतली क्रियापदं या चार घरांत राहतात. पाचवं घर नाही.” आ, ई, यू, आणि चौथं अनुनासिक अँ. पहिल्या घरात शेवटी ई-आर ही अक्षरं असणारी सगळी, म्हणजे भाषेतली बहुसंख्य, चौथ्या घरात फक्त ‘व्हनीर’ म्हणजे येणे, ‘तनीर’ म्हणजे धरणे आणि उपसर्ग लागून झालेली त्यांची भावंडं. खरा अभ्यास मधल्या दोन घरांचा. कोण ई-कडे, कोण यू-कडे.

यावर मी दीड महिना घालवला आणि त्यातला एक दिवसही वाया गेला असं मला वाटत नाही. रोज सकाळी मुद्रितं उघडण्याआधी दहा क्रियापदं घ्यायची आणि प्रत्येकाला त्याच्या घरात नेऊन बसवायचं. फॅर (करणे) ई-च्या घरात: फीस. व्हुआर (बघणे) ई: व्हीस. दीर (सांगणे), मेत्र (ठेवणे), प्रांद्र (घेणे), सगळी ई. साव्हुआर (जाणणे) यू: स्यूस. पूव्हुआर (शकणे), दव्हुआर (लागणे), लीर (वाचणे), ब्वार (पिणे), क्रुआर (मानणे), सगळी यू. आव्हुआर, म्हणजे जवळ असणे, त्याचं तर नुसतं ‘यूस’ उरतं, आणि ‘एत्र’चं ‘फ्यूस’.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी अनेकदा पडले, म्हणून सविस्तर सांगते. शिकणाऱ्याला भूतकालवाचक धातुसाधित आधी येतं, कारण रोजच्या बोलण्यात ते लागतं. ‘पाहिलेलं’ म्हणजे ‘व्ह्यू’, ‘आलेला’ म्हणजे ‘व्हन्यू’, ‘विकलेलं’ म्हणजे ‘व्हांद्यू’. मग वाटतं, घर यू-चं असणार. पुष्कळदा असतंही: ‘स्यू’, ‘प्यू’, ‘वुल्यू’, ‘ल्यू’ यांत धातुसाधित आणि हे रूप एकाच स्वरावर आहेत. तेवढ्याने विश्वास बसतो, आणि नेमकं ‘व्हुआर’ला फसतो. तिथे ‘व्ह्यूस’ नव्हे, ‘व्हीस’. विकणे, हरवणे, परत देणे ही ‘द्र’ने संपणारी क्रियापदं धातुसाधितात यू घेतात, पण इथे ई-च्या घरात: व्हांदीस, पेर्दीस, रांदीस. ‘नॅत्र’ (जन्मणे) धातुसाधितात ‘ने’ होतं आणि इथे एकदम ‘नाकीस’. ‘व्हीव्र’ (जगणे) होतं ‘वेक्यूस’. ‘मुरीर’ (मरणे) धातुसाधितात ‘मोर’, इथे ‘मुर्यूस’. ‘एक्रीर’ (लिहिणे) धातुसाधितात ‘एक्री’, इथे कुठूनसा एक व्ह घेऊन ‘एक्रिव्हीस’. यांना नियम नाही असं नाही, पण तो लॅटिनमध्ये शोधावा लागतो. मी शोधत बसले नाही. मी त्यांची एक वेगळी यादी केली, लाल शाईने, आणि ती आरशाशेजारी लावली.

दुसरा खड्डा लहान आहे. ‘फिनीर’सारख्या क्रियापदांत, संपवणे, निवडणे, वर्तमान आणि अँपार्फे एकसारखेच दिसतात: ‘फिनीस’ दोन्हीकडे. वेगळं पडतं ते फक्त तृतीयपुरुषी एकवचन, टोपीवालं ‘फिनी’. आणि ‘आईर’, द्वेष करणे, याला टोपी मिळतच नाही, कारण त्याच्या आयवर आधीच दोन टिंबं असतात आणि एका अक्षरावर दोन चिन्हं बसत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला कंपोझिटरची आठवण आली. खिळ्यांच्या काळात असल्या प्रश्नांची उत्तरं हाताने शोधावी लागायची.

हे सगळं देवनागरीत लिहिताना एक अडचण होते आहे, ती वाचणाऱ्यालाही जाणवली असेल. आपली लिपी उच्चाराला धरून चालते, म्हणून टोपीचा ‘फ्यू’ आणि बिनटोपीचा ‘फ्यू’ इथे एकच दिसतात. फ्रेंच माणूस लिहिताना जे वेगळं ठेवतो ते माझ्या लिपीत येता येता एक होऊन जातं. माझी चूक बहुधा अशीच झाली होती. मी ते वाक्य मनात देवनागरीत ऐकत वाचलं होतं.

टोपी म्हणजे नक्की काय, हे मला मडगावात कळलं.

नवऱ्याची मावशी तिथे असते. तिचं शिक्षण पोर्तुगीज अमलातलं, पणजीच्या लिसेवमधलं, म्हणजे तिथल्या पोर्तुगीज माध्यमिक शाळेतलं; १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ती शेवटच्या वर्गांत होती. आम्ही मे महिन्यात गेलो होतो. दुपारी सगळे झोपले की मी मागच्या बलकावात, म्हणजे व्हरांड्यात, बसून पुटपुटत असे: फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिये, फ्यूस. मावशी सुपात काजू निवडत होती. थांबली आणि म्हणाली, “अगो, हें कितें? हें तर आमचें.” आणि मग मान न उचलता, पाढे म्हणावेत तशी म्हणत गेली: “फोस्स, फोस्सिश, फोस्स, फोस्समुश, फोस्सइश, फोस्सेंय.”

पोर्तुगीजमध्ये हे रूप जिवंत आहे. ते लेखी नाही, अलंकारिक नाही. ‘मला जमलं असतं तर’ असं म्हणायला स्वयंपाकघरातही ‘पुदेस्स’ लागतं. स्पॅनिशमध्येही आहे, इटालियनमध्येही आहे. सगळ्यांचं मूळ लॅटिनचं पूर्णभूत स्युब्जोंक्तिफ: ‘आमाविस्सेम’, मी प्रेम केलं असतं. बोलता बोलता ते झिजून ‘आमास्सेम’ झालं आणि त्यातूनच फ्रेंच ‘एमास’ आलं. तृतीयपुरुषी ‘आमास्सेत’ होतं. फ्रेंचमध्ये त्याचा शेवटचा स्वर गळाला, उरलं ‘एमास्त’. मग त-च्या आधीचा स बोलण्यातून गेला, लिहिण्यात मात्र शतकानुशतकं राहिला. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पानांवर मी नंतर तो डोळ्यांनी बघितला: एफ-यू-एस-टी. त्यातला एस त्या काळच्या छपाईप्रमाणे उभा आणि लांब, एफसारखाच दिसणारा. फ्रेंच अकादमीने आपल्या शब्दकोशाची तिसरी आवृत्ती १७४० मध्ये काढली तेव्हा असे पुष्कळसे मुके एस काढून टाकले आणि जाताना त्यांच्या जागी स्वरावर टोपी ठेवली. इस्पितळाला फ्रेंचमध्ये ‘ओपिताल’ म्हणतात, ओवर टोपी घालून. आपण तो शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, म्हणून आपल्या ‘इस्पितळा’त तो स आजही खणखणीत आहे.

मावशीच्या तोंडून ‘फोस्स’ ऐकताना मला टोपीखालचा तो स ऐकू आला. पुस्तकात हे वाचलं असतं तर माहिती म्हणून राहिलं असतं. तिच्या तोंडून ते आलं आणि मग मी तो स कधी विसरले नाही. त्या दिवसापासून टोपी दिसली की मी मनात ‘स्त’ म्हणते: फ्यूस्त, यूस्त, व्हॅंस्त. उच्चार म्हणून ते चुकीचं आहे, पण वाचताना चूक होत नाही.

तिने आणखी एक गोष्ट दिली, तिच्याही नकळत. चहाच्या वेळी मांजराचं पिल्लू दिसेना, तेव्हा ती म्हणाली, “तें गेलें.” तो शेवटचा ‘लें’ नाकातून, पूर्ण अनुस्वारासकट. माझ्या आजोबांच्या पत्रांत असे अनुस्वार असायचे: ‘पत्र पोंचलें’, ‘घरांत’, ‘यावें’. लहानपणी मला ती टिंबं जुनाट वाटायची. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, आणि मी त्या नियमांवरच वाढले, त्यांवरच पोट भरते. पण आजोबा ‘तें गेलें’ आणि ‘ते गेले’ वेगळं लिहायचे: एक पिल्लू गेलं, किंवा चारजण गेले. पुण्यात वाचून दाखवलं तर कानाला एक, कागदावर दोन. मडगावात कानालाही दोन. बोलण्यातून गेलेल्या आवाजाची जागा कागदावर राखून ठेवायची, हे फ्रेंचांनी टोपीने केलं आणि आजोबांनी टिंबाने. आपण टिंब पुसलं. फ्रेंचांनी १९९० च्या सुधारणांत आय आणि यूवरच्या पुष्कळ टोप्या काढायला परवानगी दिली, पण या क्रियापदांवरची टोपी ठेवली, कारण ती काढली तर ‘झाली’ आणि ‘व्हावी’ यांत काहीच फरक उरला नसता. नियम करणाऱ्यांनी नेमकं तिथे थांबावं, याचं मला मनापासून बरं वाटलं.

पुण्याला परत आल्यावर अभ्यासाची दिशा बदलली. रूपं येत होती. आता ती कुठे येतात ते बघायचं होतं. मॅडम मला सोपी आधुनिक वाक्यं द्यायच्या आणि मी ती जुन्या वळणाची करायची. मुख्य क्रियापद भूतकाळात किंवा संकेतार्थात नेलं की पोटवाक्यातलं वर्तमान अँपार्फे होतं. ‘तो आजारी असला तरी’, ‘ती निघण्याआधी’, ‘कोणी बघू नये म्हणून’, अशा जोडशब्दांनंतर हमखास. आणि पोटवाक्यातली गोष्ट आधीच होऊन गेली असेल तर ‘यू’ किंवा ‘फ्यू’ टोपीसह, आणि पुढे धातुसाधित.

मराठी माणसाला इथे एक गोष्ट थांबवते. आपला विध्यर्थ काळाची पर्वा करत नाही. ‘त्याने यावं असं मला वाटतं’, ‘त्याने यावं असं मला वाटत होतं’. वाटणं मागे गेलं तरी ‘यावं’ जागचं हलत नाही. म्हणजे आजची बोली फ्रेंच आपल्यासारखी आहे आणि जुनी लेखी फ्रेंच आपल्याहून वेगळी. त्यामुळे भाषांतर करताना अँपार्फेचा भूतकाळ मराठीत आणायचा मोह टाळावा लागतो. मी तो टाळला नव्हता. भूतकाळाचा वास आला आणि मी ‘गेली’ लिहून मोकळी झाले. ‘लुटली जाईल या भीतीने’ किंवा ‘लुटली जाऊ नये म्हणून’, एवढंच पाहिजे होतं. गंमत अशी की दुसऱ्या पर्यायातल्या ‘नये’मध्ये त्या निरर्थक फ्रेंच ‘न’लाही जागा मिळते.

पण दुसऱ्या एका ठिकाणी मराठी आणि जुनी फ्रेंच इतक्या जवळ येतात की मी ते मॅडमना दाखवायला वाट न बघता बुधवारीच गेले. ‘तो आला असता तर मी गेले असते.’ दोन्ही अंगांना ‘असता’, ‘असते’. अट आणि परिणाम एकाच रूपात. आजची फ्रेंच तसं करत नाही. ‘जर’च्या बाजूला एक काळ आणि परिणामाला दुसरा. पण जुन्या लेखकांत दोन्हीकडे हेच अँपार्फेचं रूप येऊ शकतं: ‘जर तो फ्यू आलेला, मी फ्यूस गेलेली.’ वर्गात हे वाक्य फळ्यावर आलं होतं तेव्हा ते मला फार अवघड, फार परकं वाटलं होतं. ते माझ्या आईच्या बोलण्याच्या चालीचं होतं. मॅडमनी ते दोन्ही भाषांत एकाखाली एक लिहिलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “चाळीस वर्षं शिकवलं मी हे. असं शेजारी नव्हतं मांडलं कधी.”

या रूपाची फ्रान्समध्ये थट्टा होते, आणि ती होते ती ‘आम्ही’, ‘तुम्ही’च्या लांबलचक रूपांवरून. त्यातच ‘आस’ हा शेवट तिथे हलकेपणा दाखवायलाही लागतो: ‘पापरास’ म्हणजे कटकटीची कागदपत्रं, ‘व्हिनास’ म्हणजे हलकी वाइन. म्हणून ‘पार्लास’ कानाला बरं लागत नाही म्हणे. मला ही थट्टा पटत नाही. मी जे वाचते त्यात तृतीयपुरुषच सगळीकडे, आणि तो एकाक्षरी, शांत: फ्यू, यू, प्यू, फी, व्हॅं. व्यापाऱ्यांच्या नोंदी, वकिलांच्या खलित्यांचे मसुदे, १६९९ मध्ये पॅरिसला छापलेलं आबे कारेचं प्रवासवर्णन ज्यात शिवाजी महाराजांविषयीचा वृत्तांत आहे, पाँडिचेरीच्या फ्रान्स्वा मार्तॅंच्या आठवणी; अशा मजकुरात माणसं सतत कशाची तरी वाट बघत असतात, कशाला तरी भीत असतात. जहाज यावं. तह व्हावा. फौज इकडे वळू नये. यातलं किती घडलं आणि किती नुसतं मनात होतं हे कळण्याची वाट अनेकदा त्या एका चिन्हातून जाते. मराठ्यांचा इतिहास फ्रेंच साधनांतून वाचणाऱ्याने निदान एवढी पाच रूपं तरी पक्की करावीत, असं मी आता भेटेल त्याला सांगते. या ‘निदान एवढी तरी’ला फ्रेंचमध्ये ‘न फ्यू-स क’ म्हणतात. टोपीसकट. हा वाक्प्रयोग आजही चालतो.

आता वाचताना मी पेन्सिल घेऊन बसते आणि टोपी दिसली की खाली बारीक टिंब देते, आजोबांचं.

गेल्या महिन्यात मॅडमनी एक ओळ दिली, फ्रेंच नाटककार रासीनच्या ‘आंद्रोमाक’ या नाटकातली, १६६७ सालची. ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांविरुद्ध लढताना मेलेल्या हेक्टरची विधवा बोलते आहे. तिच्या लहान मुलाला मारून टाका असं ग्रीकांचं मागणं आहे. ती म्हणते, तो मोठा होऊन बापाचा सूड घेईल ही भीती नाहीच कोणाला. भीती ही आहे की तो आईचे डोळे पुसेल. यात ‘भीती आहे’ वर्तमानकाळात आहे. नियमाप्रमाणे ‘पुसणे’ही वर्तमानात यायला हवं होतं. रासीनने तिथे अँपार्फे ठेवलाय, ‘एस्युइया’, आवर टोपी. वैयाकरण सांगतात की मध्ये एक न बोललेली अट आहे: त्याला जगू दिलं तर. तो जगणार नाही हे तिला कळलंय, आणि ते तिने एका क्रियापदाच्या रूपात ठेवलंय.

हे मराठीत कसं आणायचं यावर तीन आठवडे झाले. ‘पुसेल’ म्हटलं तर तो जगणारच आहे असं वाटतं. ‘पुसले असते’ म्हटलं तर मूल आधीच गेलं. काल दुपारी शेजारची बाई गॅलरीत तिच्या नातवाला ओरडली, “जपून रे, पडायचास!” आणि मी मुद्रितं बाजूला ठेवली. हे ‘पडायचास’ ना झालेलं, ना होणारं, नुसती भीती. वहीच्या शेवटच्या पानावर आता तीन ओळी एकाखाली एक आहेत, आणि तिसरी अशी: ‘न जाणो, आईचे डोळे पुसायचा.’ ‘पुसायचा’चा ‘रोज पुसत असे’ असाही अर्थ होतो, तेवढं एक अडतंय. मंगळवारी मॅडमना दाखवणार आहे.